प्रेसनोटखाली फोन नंबर कुणाचा?

ताई,
मी २६ वर्षांची. पुण्यात एका पीआर एजन्सीत तीन वर्षं काम करते. बाबा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले, संघटनेचं कामही करायचे. मागच्या महिन्यात घरी गेले होते. शेजारच्या काकांनी विचारलं, "पोरगी काय करते पुण्यात?" बाबा म्हणाले, "प्रोपगंडा करते." सगळे हसले. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. कारण त्याच आठवड्यात ऑफिसात एक काम आलंय. आमचा क्लायंट एक कारखाना आहे. शेजारच्या दोन गावांतले लोक म्हणतात, विहिरींच्या पाण्याला रंग यायला लागलाय. बॉसनं सांगितलंय, एक नागरिक मंच उभा करायचा, त्याचं लेटरहेड छापायचं आणि कारखान्यामुळे परिसराचं कसं भलं झालं अशी पाच पत्रं गावकऱ्यांच्या नावानं स्थानिक पेपरांना द्यायची. सह्या करायला माणसं तयार आहेत. त्यातले तिघं कारखान्याला मजूर पुरवणारे ठेकेदार आहेत. पत्रं मी लिहायची. बॉस म्हणतो, "यात खोटं काय आहे? भलं झालंच आहे की." पीआर म्हणजे खरंच प्रोपगंडा का? आणि मी काय करू? फ्लॅटचं भाडं आणि भावाची फी माझ्या पगारातून जाते.
(नाव, गाव छापू नये.)

तुझं नाव-गाव अर्थातच छापत नाही. कारखान्याचं नाव तू मलाही कळवलं नाहीस, ते एका परीनं बरंच झालं. कळवलं असतंस तर माझ्यातली जुनी बातमीदार जागी झाली असती आणि सल्ला राहिला असता बाजूला.

आधी बाबांचं. "बाबा अर्धे बरोबर, अर्धे चूक" असं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. वंशावळ काढायला बसलो तर बाबा पूर्ण बरोबर आहेत.

ज्याला तुमच्या धंद्याचा बाप म्हणतात, त्या एडवर्ड बर्नेजपासून सुरुवात करू. जन्म १८९१, व्हिएन्ना. सिग्मंड फ्रॉइड त्याचा मामा. मामाच नव्हे, आत्याचा नवराही तोच. फ्रॉइडच्या बहिणीचं लग्न बर्नेजच्या वडलांशी झालं आणि त्या वडलांची बहीण फ्रॉइडला दिलेली. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात, आणि या धंद्याच्या जन्मकुंडलीत साटंलोटं असावं याची मला मोठी गंमत वाटते. अमेरिका १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा लोकांना युद्धासाठी तयार करायला सरकारनं एक माहिती समिती नेमली. तिचे ७५ हजार स्वयंसेवक वक्ते सिनेमागृहात रीळ बदलण्याच्या चार मिनिटांत उभे राहून भाषण ठोकायचे. बर्नेजनं त्या समितीत काम केलं. युद्ध संपलं. युद्धात जे जमलं ते शांततेतही जमेल, असा साधा व्यापारी विचार करून त्यानं १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये ऑफिस थाटलं. १९२८ साली पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'प्रोपगंडा'. लोकशाहीत जनतेच्या सवयी आणि मतं जाणीवपूर्वक वळवणारे लोक लागतातच आणि तसे ते असतातच, असं त्यात सुरुवातीलाच सांगून टाकलंय. लाजबीज काही नाही. पुढे म्हातारपणी त्याला विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, की युद्धात जर्मनांमुळे 'प्रोपगंडा' हा शब्द बदनाम झाला होता, म्हणून दुसरा शब्द शोधला. तो दुसरा शब्द म्हणजे पब्लिक रिलेशन्स, तुमचं पीआर.

तेव्हा बाबांना सांग, तुमचं म्हणणं संस्थापकालाच मान्य होतं.

त्याचं एक काम जरा जवळून बघ, कारण तुझ्या टेबलावरचं काम त्याच्याच खानदानातलं आहे. १९२९ साल, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर नटूनथटून लोक फिरायला निघालेत. त्या गर्दीत काही तरुण मुली सिगारेटी पेटवतात. बाईनं रस्त्यावर सिगारेट ओढणं तेव्हा असभ्य समजलं जायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: मुलींनी स्वातंत्र्याची खूण म्हणून धूम्रपान केलं. सिगारेटी म्हणजे 'स्वातंत्र्याच्या मशाली'. आता आतली गोष्ट. या मुलींना जमवणाऱ्या तारा बर्नेजच्या सेक्रेटरीच्या सहीनं गेल्या होत्या. तंबाखू कंपनीचा त्यात उल्लेख नव्हता. पैसे कंपनीचेच. त्या सेक्रेटरीनं वार्ताहराला सांगितलं, मला ही कल्पना सुचली कारण रस्त्यात माझ्याबरोबरच्या पुरुषानं मला सिगारेट विझवायला लावली होती. बघ, किती घरगुती, किती पटण्यासारखं! पत्रकाराच्या वहीत लगेच उतरणारं.

(यामुळे किती बायका सिगारेट ओढायला लागल्या हे मला विचारू नकोस. बायका आधीच ओढायला लागल्या होत्या. आणि या पराक्रमाचं बरंचसं वर्णन बर्नेजनंच करून ठेवलंय. स्वतःची प्रसिद्धी हे त्याचं सर्वांत यशस्वी खातं असावं. घरी मात्र बायकोचं पाकीट हाती लागलं की हाच माणूस सिगारेटी मोडून संडासात टाकायचा, असं त्यांच्या मुलीनं सांगितलंय.)

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याच्या कपाटात आपलं पुस्तक आहे हे बर्नेजला १९३३ साली एका पत्रकाराकडून कळलं. तो स्वतः ज्यू होता. ते ऐकून धक्का बसला, असं त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. मला त्या धक्क्याचं थोडं नवलच वाटतं. सुरी विकणाऱ्याला ती कापते हे माहीत असायला हवं होतं.

आता शब्दाचं. हा शब्द लहानपणापासून शिवीसारखाच ऐकत आलोय आपण, पण तो जन्मला रोममध्ये, देवाच्या कामासाठी. १६२२ साली पोपनं धर्मप्रसारासाठी एक कार्यालय काढलं, त्याच्या लॅटिन नावात 'प्रोपगांडा' होतं, म्हणजे 'जे पसरवायचं ते'. आणि तो शब्द फार लवकर आपल्या अंगणात आला. गोव्याच्या दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रू, ब्राह्मणाचा मुलगा. गोव्यात पोर्तुगीज त्याला पाद्री होऊ देईनात, म्हणून रोमला गेला. तिथे या कार्यालयानं त्याला जवळ केलं आणि १६३७ साली बिशप करून आदिलशाही मुलखासाठी पाठवलं. त्यानं डिचोलीत ठाण मांडलं. पोर्तुगिजांना तो अखेरपर्यंत खुपला. म्हणजे आपल्या भागात 'प्रोपगांडा' पहिल्यांदा आला तो सत्तेच्या विरुद्ध बाजूनं. पुढे मुंबईतही पोर्तुगालच्या राजाचं मानणारे आणि प्रोपगांडाचं मानणारे असे ख्रिस्ती समाजात दोन तट पडले आणि ते भांडण विसाव्या शतकापर्यंत चाललं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की शब्द काळा की पांढरा हे तो कोण वापरतंय त्यावर ठरत आलंय. शब्दावरून निवाडा करायला गेलीस तर फसशील.

मराठीनं तर इथे इंग्रजीपेक्षा शहाणपणा केलाय असं माझं मत आहे. आपल्याकडे 'प्रचार' हा शब्द वाईट नाही. खादीचा प्रचार, वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती, निवडणुकीचा प्रचार. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, तोही प्रचारच. वाईट तो 'अपप्रचार'. आणि कादंबरी फसली की समीक्षक तिला 'प्रचारकी' म्हणतात, तेव्हा तक्रार खोटेपणाची नसते, एका अंगानंच बोलल्याची असते. तिन्ही वेगळे ठेवलेत आपण. उलट 'जनसंपर्क' या शब्दाचं आपण काय केलंय ते बघ. प्रत्येक नगरसेवकाचं एक 'जनसंपर्क कार्यालय' असतं. बाहेर फ्लेक्स, आत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक मुलगा मोबाईल बघत बसलेला. पण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन माणूस तिथे जाऊ शकतो. जातोही. म्हणजे निदान नावात तरी संपर्क दोन्ही बाजूंनी आहे. तुमच्या पीआरमध्ये लोकांकडून आत काय येतं? क्लिपिंग्जची फाइल येते, एवढं मला माहीत आहे.

कसं माहीत आहे, ते सांगते. ते सांगितल्याशिवाय तुला सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

पेपरात अठरा वर्षं काढल्यावर मी दोन हंगाम एका सहकारी साखर कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होते. पगार बरा, कारखान्याची जीप, गव्हाणीशेजारी ऑफिस. खिडकीतून मळीचा वास यायचा, तो आठवडाभरात येईनासा झाला. पहिल्या हंगामात फेब्रुवारीच्या अखेरीला कार्यकारी संचालकांनी बोलावलं. "विक्रमी गाळप झालंय, दणकून बातमी द्या." मी दिली. गाळप किती लाख टन, उतारा किती, मागच्या हंगामाच्या तुलनेत किती वाढ, चेअरमनसाहेबांचं मार्गदर्शन, कामगारांची जिद्द. शब्द न् शब्द खरा होता. आकडे मी स्वतः शेतकी खात्यात जाऊन तपासले होते. सहा पेपरांत लागली, चार ठिकाणी कानामात्रा न बदलता. मी कात्रणं कापून फाइलला लावली आणि बघत बसले. माझी अक्षरं आहेत हे मलाच कळत होतं, वाचकाला कळणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या फोनवर मामाचा फोन. माझा सख्खा मामा आमचा सभासद होता, तीन एकर ऊस घालायचा. म्हणाला, "पोरी, गाळप वाचलं. बिल कधी?"

ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यायचे, नाहीतर व्याज, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात नियम आहे. मामाचा ऊस जाऊन अडीच महिने झाले होते. फक्त मामाचा नव्हे, निम्म्या तालुक्याचा. आणि हे मला प्रेसनोट लिहिताना माहीत होतं. कुणी दडव म्हणून सांगितलं नव्हतं. मी आपण होऊनच तो विषय घेतला नव्हता, कारण विचारलं होतं ते गाळपाचं. मी मामाला म्हणाले, "संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत निर्णय होणार आहे." तो थोडा वेळ बोलला नाही. मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मामेबहिणीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती त्याला. मामानं मला नंतर कधी त्यावरून बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं.

पुढच्या प्रेसनोटमध्ये मी शेवटी एक ओळ घातली: थकीत ऊसबिलं अमुक तारखेपर्यंत अदा करण्यात येतील. साहेबांनी लाल पेननं ती खोडली. त्याच्या पुढच्या वेळी मी पुन्हा घातली, पुन्हा खोडली. दुसरा हंगाम संपला आणि मी सोडलं. धडाडीनं वगैरे नाही, दुसरीकडे नोकरी मिळाली म्हणून.

आता बघ. माझी ती प्रेसनोट अर्धवट होती, आणि अर्धवट खरं कधी कधी खोट्याहून जास्त नुकसान करतं. तिचं समर्थन मी करणार नाही. पण कागद कारखान्याच्या लेटरहेडवर होता. खाली माझं नाव, हुद्दा आणि 'अधिक माहितीसाठी' म्हणून फोन नंबर होता. म्हणून मामाला कळलं फोन कुणाला लावायचा. ज्याचं भलं सांगितलं जातंय तोच बोलतोय हे वाचणाऱ्याला दिसत होतं. कारखाना कारखान्याची आरती ओवाळणारच, असं म्हणून तो वाचकही दहातले चार गुण कापून वाचत होता.

तुझ्या नागरिक मंचाला कुणी फोन लावायचा?

माझ्या लेखी सगळा फरक इथे आहे. खोटं-खऱ्याचा प्रश्न मी दुसरा धरते. बॉस म्हणतो ते समजा खरं असेल: कारखान्यामुळे रस्ता झाला, दोनशे पोरांना काम मिळालं, शाळेला संगणक मिळाले. ते कारखान्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं की! सांगायला कुणाची बंदी आहे? ते ठेकेदाराच्या तोंडून वदवून घ्यायचं कारण एकच, की वाचकानं ते चार गुण कापू नयेत. वाचकाच्या हातातली ती कात्री काढून घेणं, याला मी प्रोपगंडा म्हणते. मग आतला मजकूर गंगाजलासारखा शुद्ध असला तरी.

तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट तू कोर्सला शिकली असशील किंवा नसशील. ऑक्टोबर १९९०. इराकनं कुवेत घेतलंय. अमेरिकेत काही खासदारांपुढे एक १५ वर्षांची मुलगी रडत साक्ष देते: मी इस्पितळात स्वयंसेविका होते, इराकी सैनिकांनी काचेच्या पेट्यांतून बाळं काढून फरशीवर टाकली, मरायला. तिचं आडनाव सांगत नाहीत, घरच्यांच्या जिवाला धोका म्हणून. राष्ट्राध्यक्षांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, युद्धाच्या बाजूनं बोलणाऱ्या सिनेटरांनी सांगितली. जानेवारी १९९२ मध्ये उघड झालं, की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेतच्या राजदूताची लेक. तोवर युद्ध होऊन गेलं होतं. साक्षीची तयारी करून घेतली होती हिल अँड नोल्टन या पीआर कंपनीनं, आणि त्या कंपनीला पैसे देणारी संस्था म्हणे 'स्वतंत्र कुवेतसाठी नागरिक'. त्या संस्थेला जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारकडून आला होता. नागरिक! हा शब्द आला की माझे कान टवकारतात. पेट्यांमधल्या बाळांची गोष्ट नंतर तपासणाऱ्यांना खरी आढळली नाही. पण समजा आढळली असती, तरी "ही राजदूताची मुलगी आहे" एवढं वाक्य आधी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यांनी आणखी चार प्रश्न विचारले असते. ते विचारले जाऊ नयेत म्हणून तर आडनाव गाळलं.

तू म्हणशील, नाव-पत्ता घातला की झालं का पवित्र? नाही झालं. तंबाखू कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या चारशेहून जास्त पेपरांत पानभर निवेदन दिलं होतं. लोकांचं आरोग्य आम्हाला धंद्यापेक्षा मोठं, आम्ही संशोधन करू. खाली बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सह्या. सगळं उघड! पण त्यात जी संशोधन समिती जाहीर केली होती, तिचं ऑफिस एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये, पीआर कंपनीच्या ऑफिसच्या बरोबर एक मजला खाली. पीआर कंपनी तीच, हिल अँड नोल्टन. वरून जिना उतरला की विज्ञान. म्हणजे सह्यांच्या कागदाआड पुन्हा एक मंचच उभा होता. आणि त्या मंचानं सिगारेट आणि कॅन्सरबद्दल "अजून नक्की नाही, अजून नक्की नाही" म्हणत वर्षानुवर्षं काढली.

आपण इथे फार साळसूद आहोत असंही नको वाटायला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका नेत्याची स्तुती करणारा एकच लेख, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, प्रेस कौन्सिलनं त्याच साली समितीही नेमली होती. मी तेव्हा पेपरातच होते. आमच्याकडे असं काही नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता तू करायचं काय.

सोमवारी बॉसकडे गेलीस की नीतिमत्तेपासून सुरुवात करू नकोस. तो तुला पोरकट समजेल आणि तूही रडवेली होशील. आधी कागद माग. विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आहे का? कुणी केला, कधी केला, नमुना कुठल्या विहिरीचा? प्रदूषण नियंत्रण मंडळानं काही नोटीस दिली आहे का? तुझ्या पत्रात या अहवालाबद्दल एक ओळ नाही, म्हणजे तू तो पाहिलेला नाहीस. माझी चूक करू नकोस. गाळप विचारलं म्हणून गाळपच लिहिलं, असं नको. हा प्रश्न ई-मेलवर विचार, साध्या कामाच्या भाषेत: "मजकूर तयार करण्यापूर्वी पाण्याचा अहवाल मिळाल्यास बरं होईल." यावर कुणाला रागवता येत नाही. आणि उत्तर काय येतं, येतं की नाही, त्यावरून तुला विहिरीबद्दल पुष्कळ कळेल.

मग पर्याय ठेव. मंच नको, कंपनीच्या लेटरहेडवर पत्रक काढू. गावकऱ्यांची तक्रार काय आहे ते त्यात आधी लिहू, लपवू नको. पाणी तपासायला दिलंय, अहवाल अमुक तारखेला ग्रामपंचायतीत लावू, तोवर टँकर देऊ, आणि या नंबरवर फोन करा. ठेकेदारांना कारखान्याबद्दल चांगलं बोलायचं असेल तर खुशाल बोलू दे, पण "मी कारखान्याला मजूर पुरवतो" हे सहीखाली लिहून. बॉसला पटवायला एक गोष्ट उपयोगी पडेल: हा मंच गावात एक दिवसही टिकणार नाही. कुणाचा ट्रॅक्टर कुणाच्या पैशानं आलाय हे गावातल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असतं. पेपर आल्यावर तासाभरात तिथे हशा पिकेल, आणि त्यातला एखादा पोरगा मोबाईलवर व्हिडिओ करून टाकेल. मग क्लायंट तुमच्याच एजन्सीला विचारेल, हे काय केलंत? बॉसला विहिरीची काळजी नसेल, क्लायंटची असते.

तो म्हणाला, "ते सगळं ठीक, पण पत्रं लिही", तर लिहू नकोस. "हे खातं दुसऱ्याला द्या, मी दुसऱ्या खात्याचं दुप्पट काम करते" असं सांग. बहुतेक एजन्सीत यावर आदळआपट होते, काढून सहसा टाकत नाहीत. पण टाकलंच तर? म्हणून आजच हिशेब कर. भाडं आणि भावाची फी धरून तीन-चार महिने निघतील एवढी शिल्लक आहे का? नसेल तर राजीनामा खिशात घेऊन फिरू नकोस, बायोडेटा घेऊन फिर. हॉस्पिटलं, विद्यापीठं, शेतकरी कंपन्या, स्वयंसेवी संस्था, सगळ्यांना नीट लिहिणारी माणसं लागतात, आणि त्यातल्या काहींना सांगण्यासारखंही काही असतं. धंदा सोड असं मी म्हणत नाही. साथीच्या दिवसांत लस कुठे मिळेल, धरणातून पाणी सोडणार तर नदीकाठानं गुरं कधी हलवायची, हेही जनसंपर्कवालेच लिहितात. ते कुणीतरी चांगलं लिहायलाच हवं.

आणि तरीही तू ती पत्रं लिहिलीस, तर मी तुला वाईट म्हणणार नाही. मीही मामाला "बैठकीत निर्णय होणार आहे" म्हणाले होते. फक्त "यात खोटं काय आहे" हे बॉसचं वाक्य स्वतःच्या तोंडी बसू देऊ नकोस. ते एकदा बसलं की पुढची पत्रं फार पटापट लिहून होतात.

राहिले बाबा. ते चारचौघांत तसं बोलले हे चुकलंच त्यांचं, आणि ते त्यांना सांग. पण पुढच्या वेळी गेलीस की संघटनेच्या काळातली पत्रकं त्यांच्याकडे आहेत का विचार. असतील. संघटनावाले कागद फेकत नाहीत, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवतात. त्यात भाडेवाढ, बोनस, संप, प्रशासनाच्या नावानं शिमगा, सगळं असेल. एकांगी तर असेलच. दुसऱ्या बाजूचं एक अक्षर सापडणार नाही. बाबांनीही आयुष्यभर प्रचारच केला, आणि हे त्यांना हसत हसत सुनवायला हरकत नाही. पण पत्रक उलटून खालची बारीक ओळ बघ. प्रकाशक अमुक, मुद्रक तमुक, छापखान्याचा पत्ता. छापील कागदावर मुद्रकाचं नाव हवं हा नियम इंग्रजांच्या १८६७ च्या कायद्यात होता, तो लोकांवर नजर ठेवायला. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर आजही गुन्हा होतो. डेपो मॅनेजरला राग आला तर कुणाला बोलवायचं हे त्याला त्या ओळीवरून कळायचं. बाबांना कितीदा बोलावलं होतं, तेही विचार. रंगात येऊन सांगतील.

ते सांगत असताना मंचाची गोष्ट त्यांना सांगून टाक. मला लिहिलंस, पण त्यांना अजून सांगितलेलं दिसत नाही. डेपोत मॅनेजरपुढे उभं राहिलेला माणूस आहे तो, बॉसशी कसं बोलायचं हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

आणि काय झालं ते मला कळव. पत्रकं कंपनीच्या नावानं निघाली, तर खाली फोन नंबर कुणाचा टाकलाय तेही. तुझा असला तर पहिले आठ दिवस फार वाजेल, चार्जर बरोबर ठेव.